दोरीच्या कड्यातलं नाव

माझ्या हयातीत पिरॅमिडांच्या या देशात, मेन्नेफेरच्या गादीवर, पाच राजे बसले. त्यातल्या चौघांची नावं मी माझ्या हाताने दगडात कोरली आणि तिघांची माझ्याच हाताने खरवडून काढली. त्यातलं एकही नाव मला वाचता येत नाही.

यात नवल काही नाही, आमचं कामच तसं आहे. देवळातला लेखनिक येतो, काळ्या शाईने भिंतीवर चित्रं काढून जातो आणि आम्ही पाथरवट त्या रेषांवरून टाकी चालवतो. पक्षी असेल तर पक्षी, साप असेल तर साप. त्या पक्ष्याचा उच्चार काय, हे आम्ही विचारायचं नसतं आणि लेखनिकाने सांगायचं तर त्याहून नसतं. आम्हाला एवढंच ठाऊक, की दोरीच्या लांबट कड्यात जे असतं ते राजाचं नाव. कडं दिसलं की हात जपून चालवायचा. राजा बदलला आणि जुना नकोसा झाला, की त्याच कड्यावर हात न जपता चालवायचा. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. आमच्या गावात देवपण जातंही टाकीनेच.

म्हाताऱ्या अहमोस राजाचं नाव मात्र मी डोळे मिटून कोरलं असतं. चव्वेचाळीस वर्षं राज्य केलं त्याने. माझा मुलगा झाला तेव्हा मी प्ताहच्या देवळाच्या दक्षिण दारावर काम करत होतो, आणि थोरले पुजारी कामावर इतके खूष झाले की पोराला राजाचं नाव घ्यायची परवानगी देऊन गेले. अहमोस-मेन. म्हणजे अहमोस अढळ आहे. आता राजाचं नाव आलं म्हणजे कडं आलं. पाथरवटाच्या पोराच्या नावात दोरीचं कडं! माझ्या बायकोने, मुतिर्दिसने, गल्लीभर मधाचे गोळे वाटले. मी तर महिनाभर छाती काढून चालत होतो. गल्लीतली माणसं म्हणायची, "अंखहापी, जरा वाक, दाराची चौकट लागेल." मी वाकत नव्हतो.

पोराचं दगडाशी काही जमलं नाही. हात जड होता. दोन चांगल्या शिळा फोडल्यावर मीच म्हणालो, बाबा, तू दुसरं काही बघ. त्याने धनुष्य बघितलं. विसाव्या वर्षी नदीच्या पूर्वेकडच्या मुखावरच्या किल्ल्यात गेला. पुढे म्हातारा राजा मेला, त्याचा मुलगा गादीवर येऊन सहा महिने होताहेत तोच पर्शियन फौज आली. किल्ल्यापुढच्या वाळूत आमची जी माणसं पडली ती तिथेच राहिली. कुणी आणायला गेलं नाही, कारण जायला कुणी उरलं नव्हतं.

प्रेत नाही म्हणजे कापडात गुंडाळायला काही नाही, आणि गुंडाळायला काही नाही म्हणजे थडगं नाही. पोराचं म्हणून जगात एकच उरलं होतं, त्याचं नाव. मी एक चांगली चुनखडीची शिळा निवडली. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे लेखनिक सेमातावी यांनी काही न घेता नाव काढून दिलं, मी ते कोरलं, आणि पश्चिमेच्या वाळूच्या उतारावर, थडग्यांकडे जाणाऱ्या वाटेला शिळा उभी केली. दर दहाव्या दिवशी मुतिर्दिस तिथे भाकरी, कांदा आणि पाण्याचं मडकं घेऊन जायची. वाचता तिलाही येत नव्हतं. शिकलेला कुणी वाटेने जाताना दिसला की ती म्हणायची, "दादा, एवढं वाचून जा." त्याने नाव मोठ्याने वाचलं की ती पाणी ओतायची. नाव उच्चारलं की पोराला हाक जाते, हाक गेली की तो जेवायला येतो. त्या दिवशी घरी आल्यावर तीही दोन घास नीट खायची.

मग हुकूम आला. अहमोसचं नाव नको, गादीवरच्या त्याच्या मुलाचंही नको. नव्या पर्शियन राजाला त्या म्हाताऱ्याचा काय राग होता देव जाणे. मेला तरी राग गेला नव्हता. देवळाच्या भिंतीवर आम्ही वीस पाथरवट परांच्या बांधून चढलो. माझ्या शेजारी हेनात होता, माझ्याबरोबरच काम शिकलेला.

"चव्वेचाळीस वर्षं कोरलंस," तो म्हणाला, "आता काढायला किती दिवस लागतील?"

"तुझ्या हाताने काढलं तर आणखी चव्वेचाळीस वर्षं."

"असू दे, असू दे. मी कोरलेली नावं खोल नसतात, म्हणून काढायला सोपी. दूरदृष्टी म्हणतात त्याला." तो हसला, मग एकदम हसायचा थांबला. "अंखहापी, चार दिवसांनी आम्हाला उतारावर पाठवणार आहेत. लोकांच्या शिळांवरची कडीही काढायची आहेत. दिसेल ते कडं फोडायचं, असं सांगितलंय. आम्हाला काय वाचता येतंय?"

माझ्या हातातली टाकी थांबली.

"तू त्या दिवशी आजारी पड," हेनात म्हणाला. "मी हलक्या हाताने काढीन."

हलक्या हाताने काढलं काय नि जड हाताने काढलं काय. मी परांचीवरून उतरलो आणि तसाच, अंगावर दगडाची भुकटी घेऊन सेमातावींच्या दारात गेलो. ते अंजिराच्या झाडाखाली बसून बोरू तासत होते. भला माणूस होता, पण भित्रा. त्या दिवसांत भला माणूस भित्राच असायचा.

सगळं ऐकून ते म्हणाले, "तूच आधी जा आणि कडंच काढून टाक. मागे नुसतं 'मेन' राहील. अढळ. वाईट नाव नाही."

"कोण अढळ? असं नाव तर बैलालाही ठेवतात, दादा."

"दगडापेक्षा वीट मऊ, अंखहापी."

"दगड मऊ की वीट, हे मला नका शिकवू." माझा आवाज चढला. मी तो खाली आणला. "कडं राहू द्या. आत दुसरा राजा घाला. कुणी जुना. पिरॅमिडवाला स्नेफेरू घाला. दोन हजार वर्षं झाली त्याला, त्याच्याशी कुणाचं काय वैर असणार?"

"आणि अधिकाऱ्याने विचारलं, पाथरवटाच्या पोराला मेलेल्या राजाचं कडं कशाला, तर?"

"तर सांगा, त्याच्या बापाला वेड लागलंय."

त्यांनी बोरू खाली ठेवला. "कडं काढ रे. ऐक माझं. कडं दिसलं की नजर जाते."

"कडं राहू द्या," मी म्हणालो.

तीनदा त्यांनी समजावलं आणि तीनदा मी तेच म्हणालो. माझी चूक तिथे झाली, दुसऱ्या कुणाची नाही. पोर गेलं, तरी त्याच्या नावातला मोठेपणा माझ्याच्याने सुटत नव्हता. खरं म्हणजे तो मोठेपणा पोराचा नव्हताच, माझा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कड्याच्या आतलं नाव काढलं. किती खोल कोरलं होतं मी! बोटभर दगड उतरवावा लागला. सेमातावी आले, घाईघाईने नवी चित्रं काढली, घाम पुसला आणि निघून गेले. मी कोरायला घेतलं. एक टोपली, एक पाय, दोन बोरू, पुढे आणखी एकदोन खुणा. उन्हं वर येईपर्यंत काम संपलं.

तीन दिवसांनी हेनातची टोळी उतारावर गेली. बरोबर पर्शियन अधिकाऱ्याचा एक लेखनिक होता. हेनातने सांगितलं ते असं, की माझ्या पोराच्या शिळेसमोर त्याने टाकी उचलली, पण त्या लेखनिकाने नाव वाचलं, मान डोलावली आणि हाताने "पुढे चला" असं केलं. हे ऐकून मी भर बाजारात हेनातला मिठी मारली.

मुतिर्दिसला मी म्हणालो, "आता वाचणारा स्नेफेरू-मेन म्हणेल. पण आपल्याच पोराला म्हणतोय हे तू मनात धर."

"मी माझ्या तोंडाने अहमोसच म्हणणार."

"म्हण. पण हळू म्हण."

चार महिन्यांनी देवळातून बोलावणं आलं. जुनी कडी रिकामी दिसत होती, ती भरायची होती. दक्षिण दारावर, जिथे मी पोर झालं त्या वर्षी काम करत होतो तिथेच, सेमातावींनी नव्या राजाचं नाव काढून ठेवलं होतं. मी परांचीवर चढलो, पहिली रेघ धरली. टोपली. मग पाय. मग एक बोरू, शेजारी दुसरा बोरू. माझ्या हाताला पुढची खूण ठाऊक होती. हात शाईच्या आधीच तिकडे निघाला होता.

मला वाचता येत नाही, पण माझा हात विसरत नाही. माझ्या पायाखाली परांची होती म्हणून, नाहीतर जमीनच सरकली असती.

संध्याकाळी सेमातावी भेटले ते त्याच अंजिराखाली. मी उभाच राहिलो.

"तुम्ही माझ्या पोराचं नाव काय ठेवलंत?"

त्यांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कड्यात राजाचंच नाव बसतं. राजा आता एकच आहे. मी तुला कडं काढ म्हणालो होतो."

"त्याच माणसांनी मारलं माझ्या पोराला. आणि आता तो अढळ आहे म्हणून पोर सांगत उभं आहे? लोकांना? रस्त्यावर?"

"हळू बोल." ते जवळ सरकले. "त्या उतारावर दोनशे शिळा फुटल्या. तुझी उभी आहे. ते इथे आहेत तोवर तिला कुणी हात लावणार नाही. उलट आता तू हात लावलास तर राजाच्या नावाला हात लावल्यासारखं होईल. त्याची शिक्षा तुला माहीत आहे."

मला माहीत होती. बळी तो कान पिळी, आणि इथे कान पिळून थांबत नव्हते. मी घरी गेलो, जेवलो आणि मुतिर्दिसला काही सांगितलं नाही. भ्यालो. सरळ सांगतो, भ्यालो. मनाशी म्हणालो, राजे येतात नि जातात, हाही जाईल, तेव्हा काढू. तोवर तिला कळलं नाही म्हणजे झालं.

पण उतारावरून ती आता लवकर परत यायला लागली. "आजकाल लोक थांबत नाहीत," ती म्हणायची. "एक जण थांबला, वाचलं, माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची भाकरी चोरली. वाचलंच नाही मोठ्याने." मी म्हणायचो, "दिवस वाईट आहेत, माणसं घाईत असतात." एकदा ती आली तेव्हा तिच्या पदराला ओला डाग होता. शिळेवर कुणीतरी थुंकलं होतं. तिने पदराने पुसलं होतं. "आपल्या पोराने कुणाचं काय वाईट केलं होतं रे?" तिने विचारलं. मी टाकीला धार लावत बसलो.

नंतरच्या दहाव्या दिवशी देवळातली एक गाणारी म्हातारी वाटेने जात होती. तिला वाचता येत होतं. तिने शिळा वाचली आणि मुतिर्दिसच्या हातातलं मडकं काढून घेतलं. "बाई गं, हे पाणी तू कुणाला घालतेस ते ठाऊक आहे का तुला?" म्हणाली, आणि सांगितलं.

मी घरी आलो तेव्हा मुतिर्दिस चुलीपाशी बसली होती. चूल थंड होती.

"दहा महिने," ती म्हणाली. "दहा महिने तू कुणाला जेवू घालायला लावलंस मला?"

मी सगळं सांगितलं. स्नेफेरू, कडं, सेमातावी, भीती.

"म्हणजे पोर उपाशी आहे," ती शेवटी म्हणाली. "मी हाका मारायची, आणि वाचणारा दुसऱ्यालाच बोलवायचा. पोर आलं असेल ना रे दरवेळी? आलं असेल, आणि ताटावर तो बसलेला बघून परत गेलं असेल."

"तुझी हाकही जातच होती ना."

"मग दगड कशाला उभा केलास? नुसत्या हाकेने भागत होतं तर?" ती उठली. "उद्या जा आणि काढ ते."

"मारतील."

"उद्या जा."

"थोडं थांब. हे लोक कायमचे नाहीत. ऐक, वर्षभर—"

"वर्षभर उपाशी ठेवू?"

सकाळी मी देवळात गेलो, परांचीवर चढलो आणि ज्या नावाने माझं घर खाल्लं तेच नाव आणखी एका कड्यात कोरायला लागलो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा हेनात धावत आला. तो धावणारा माणूस नव्हे.

"खाली उतर," तो म्हणाला. "तुझी जुनी टाकी घेऊन मुतिर्दिस उतारावर गेली होती."

भर दिवसा, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तिने ते नाव फोडलं होतं. तिला टाकी कशी धरायची हेही माहीत नव्हतं. हाताचं एक बोट तिने आधीच ठेचून घेतलं होतं, असं बघणारे म्हणाले. त्या जागी दगड मी आधीच उतरवून, पुन्हा कोरून पातळ केला होता, त्यामुळे शिळा मधोमध तुटली. शिपाई येईपर्यंत ती खालच्या तुकड्यापाशी बसून पाणी ओतत होती आणि मोठ्याने, अगदी मोठ्याने, अहमोस-मेन, अहमोस-मेन असं म्हणत होती.

पांढऱ्या भिंतीच्या किल्ल्यात तिला नेलं. मी नऊ दिवस दारात उभा राहिलो. सेमातावीही एकदा आले, आत जाऊन तिच्यासाठी दोन शब्द बोलून आले, आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. दहाव्या दिवशी दारावरचा शिपाई, आपल्याकडचाच होता तो, मला म्हणाला, "बाबा, आता नको येत जाऊस. नदीत सोडलं तिला."

गल्लीतले लोक समजूत घालायला आले. नदीने नेलेला माणूस देवाचा होतो, म्हणाले, त्याला थडगंही लागत नाही. मी त्यांना म्हणालो, मग तुम्ही तुमच्या बायका सोडा नदीत. त्यानंतर समजूत घालायला कुणी आलं नाही.

पुढच्याच वर्षी पर्शियन राजा दूर कुठेतरी मेला, आणि आमच्यातलाच एक जण दक्षिणेकडून उठला, त्याने कडं घेतलं. आपला राजा आला म्हणून लोक रस्त्यावर नाचले. सेमातावी आधीच कुठेतरी निघून गेले होते. मला देवळात बोलावलं: पर्शियन नाव काढ, आपलं घाल. काढलं. घातलं. टोपली, पाय, बोरू, सगळं भुकटी होऊन माझ्या अंगावर पडलं. बरं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. एक वर्ष उशीर झाला होता. मी तिला वर्षभर थांब म्हणालो होतो, ते अगदी बरोबर ठरलं, आणि त्या बरोबर ठरण्याची मला आजही शरम वाटते.

मी नवी शिळा घेतली. देवळात पेदेमुत नावाचा नवा लेखनिक आला होता, तोंडाने तिखट पण हात स्वच्छ.

"वर बायकोचं नाव," मी सांगितलं. "खाली मुलाचं. अहमोस-मेन. कडं नको."

"राजाचं नाव कड्याशिवाय? मला वेड लागलंय का? आता तर आपला राजा आहे, घालू ना बिनधास्त."

"राजाचं नाव नाही ते. माझ्या पोराचं आहे."

"असं लिहीत नाहीत, काका."

"तुम्ही लिहा. शिव्या मी खाईन."

त्याने लिहिलं. मी कोरलं, पण खोल नाही. आपला राजा दोन वर्षंही टिकला नाही. पर्शियन परत आले, नवा राजा, नवं नाव, पुन्हा हुकूम, पुन्हा टोळ्या उतारावर. माझे गुडघे गेले होते, म्हणून मला घेतलं नाही. हेनात गेला होता. म्हणाला, कडी होती ती सगळी फोडली, तुझ्या शिळेवर कडं नव्हतं, कुणी वळूनही बघितलं नाही.

दर दहाव्या दिवशी आता मी जातो. भाकरी नेतो, कांदा नेतो. मडकं जड झालं की वाटेत दोनदा बसतो. नावं दोन आहेत, म्हणून भाकऱ्याही दोन. तिथे बसलं की एकच विचार मनात येतो. पेदेमुतने वाचून दाखवलं होतं, मान्य. पण सेमातावीही भलाच माणूस होता. मी काय कोरलंय ते मला कधीच कळलेलं नाही, मग या वेळी तरी कसं कळावं? म्हणून शिकलेला कुणी दिसला की मी उठतो, हात जोडतो आणि म्हणतो, दादा, एवढं वाचून जा. आज तीन जण थांबले. तिघांनीही मुतिर्दिस म्हटलं, तिघांनीही अहमोस-मेन म्हटलं. उन्हं कलली आहेत, पाणी अजून मडक्यातच आहे, आणि मी चौथ्याची वाट बघतोय.